लिव्हरपासून पंख्यापर्यंत

बोट पुळणीवर ओढलेली आहे. देवबागसारखी जागा समजा: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. पावसाळा सरला, झाप काढले, आणि गिअरचा लिव्हर जागचा हलेना. जोर लावावासा वाटेल. हात लिव्हरवरच राहू द्या, जोर मात्र काढून घ्या.

किल्ली खिशात टाका. किल-स्विचची दोरी काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. पुढे पंख्याला हात लागणार आहे.

आता हातातून निघालेली हालचाल कुठे जाते, तिच्या मागून सावकाश चला. कंट्रोल बॉक्समध्ये ती केबलला मिळते. बाहेर प्लास्टिकचं आवरण, आत पोलादी तार. ही तार ओढते तशी ढकलतेही. बोटीच्या कडेने ती मागे येते, आउटबोर्ड इंजिनच्या टोपाखाली एका दांड्याला जोडली जाते. दांडा उभ्या रॉडला हलवतो, आणि रॉड खाली गिअरकेसमध्ये उतरतो.

इथे बराच वेळ थांबा. इंजिनकडून आलेल्या शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन आहे आणि त्याला दोन गिअर सदैव भिडलेले आहेत, एक फॉरवर्डचा, एक रिव्हर्सचा. इंजिन चालू असलं की दोन्ही एकमेकांच्या उलट फिरत असतात, लिव्हर न्यूट्रलला असला तरीही. त्यांच्या मधोमध, पंख्याच्या शाफ्टवर, मागेपुढे सरकणारा डॉग क्लच बसलेला आहे. त्याला दोन्ही अंगांना जाड दात. तो मध्ये असेल तेव्हा पंखा मोकळा; ज्या गिअरला भिडेल त्या दिशेने बोट. म्हणजे गिअर पडतो तेव्हा फिरत्या खाचांत हे दात शिरतात. इंजिन आयडलला असताना एका दमात शिरले तर एकदाच ‘टक्’ वाजतं. चाचरत ढकलले तर कोपऱ्यावर कोपरे घासतात, करकर होते, कोपरे गोल होत जातात, आणि पुढे कधीतरी भर वेगात गिअर आपसूक सुटू लागतो. हालचालीचा माग सावकाश काढावा. गिअर सावकाश टाकू नये.

इंजिन बंद असताना दातासमोर दात येऊन गिअर अडू शकतो, तो बिघाड नव्हे. कुणाला तरी पंखा हाताने जरासा फिरवायला सांगा आणि लिव्हर पुन्हा सरकवून पाहा.

तरीही अडला? टोप उघडा, केबल इंजिनच्या दांड्यापासून सोडवा. आता दोन्ही टोकं वेगवेगळी तपासा. लिव्हर अजूनही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा बॉक्समध्ये. शेजारची थ्रॉटलची केबलही जाम असू शकते, तीही सोडवून बघा. लिव्हर हलका झाला तर दांडा हाताने हलवा. तिथे वाळलेलं ग्रीस, मीठ, गंज भेटेल, नाहीतर दुखणं खाली गिअरकेसमध्ये आहे. खाऱ्या हवेत बहुतेक वेळा केबलच दोषी निघते. तिला तेल पाजत बसण्याचा नाद मला पटत नाही. आत गंजलेली केबल दोन दिवस बरी चालते आणि नेमकी जेटीला लागताना दगा देते. ती बदला.

कधी गिअर नीट पडतो, इंजिन ओरडतं, बोट मात्र रेंगाळते. पंख्याच्या पोटातला रबरी बुश घसरत असेल. आतल्या हबवरून पंख्यावर मार्करने एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली की समजा.

गिअरकेसचं तेलही थोडं काढून पाहा. दुधट असेल तर पाणी शिरलंय. पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळला जातो आणि सील कापतो, तेव्हा पंखा उतरवून तिथेही बघा. ड्रेनच्या बोल्टवर धातूचे तुकडे दिसले तर पुढचं काम मेकॅनिकचं.

केबल पुन्हा जोडताना लिव्हर न्यूट्रलला, दांडाही न्यूट्रलला. केबलचं टोक जोर न लावता पिनेवर बसेल इतकंच पुढेमागे फिरवा. मग बोट पाण्यात उतरवा, दोन्हीकडून बांधा, टोप्या आणि दोरी परत लावा, आयडलला दोन्ही गिअर टाकून बघा. इंजिन बंद करा, लिव्हर गिअरमध्येच ठेवून किल्ली फिरवा. ते सुरू व्हायला नको. झालं, तर न्यूट्रलचा सेफ्टी स्विच काम करत नाही. तो बदलेपर्यंत बोट कुणालाही चालवायला देऊ नका.