रक्त कोणासाठी?



“आज परक्याला रक्त दिले आणि उद्या माझ्याच माणसाला लागले तर?” हा प्रश्न स्वार्थी नाही. प्रीतीलाही क्रम असतो, जवळच्यांचा हक्क आधी, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात.

परंतु भाकरी एकाला दिली की दुसऱ्याला उरत नाही; रक्ताचे तसे नाही. दिलेल्या ३५० मिलिलिटरमधील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. पुरुष तीन महिन्यांनी, स्त्रिया चार महिन्यांनी पुन्हा देऊ शकतात. शिवाय मध्यरात्री अपघात झाला, तर आपल्या माणसाला वाचवते ते आधीच तपासून ठेवलेले, कोणा परक्याचेच रक्त. म्हणजे परक्याला देणे हा घरच्यांवर अन्याय नव्हे.

रक्त विकण्यास आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पैशासाठी देणारा आजार लपवू शकतो. प्रेमाने देणाऱ्याला ते कारणच नसते.

वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन १२.५ असावे. उपाशीपोटी जाऊ नये. आजार, औषधे यांची खरी माहिती द्यावी. डॉक्टरांनी नाकारले तर वाईट वाटून घेऊ नये. खरे सांगणे हीसुद्धा रुग्णावरची प्रीतीच आहे.

शोमरोनी माणसाने जखमीचे नाव-गाव विचारल्याचे संत लूक सांगत नाही. रक्ताच्या पिशवीवरही गट लिहिलेला असतो, देणाऱ्याचे नाव-गाव नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू