नगरसेवक नकोत म्हणणाऱ्यांना

मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. तेव्हापासून सुशिक्षितांच्या बैठकांत एक सूर वारंवार ऐकू येतो: बरेच झाले. साथी, इमारतींचे नकाशे, खाणावळींचे परवाने हे जाणकारांचे काम, त्यात वॉर्डातल्या पुढाऱ्याची लुडबुड कशाला? माझ्या एका अभ्यासू स्नेह्यांनी हे लेखी मांडले आणि आदर्श म्हणून प्लेगच्या साथीनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडे बोट दाखवले. तो दाखला मला मान्य नाही, कारण त्याच्या आधीची दोन वर्षे त्यात गाळली आहेत.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, पेशाने डॉक्टर आणि महापालिकेचे सदस्यही. पुढे 1906 मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. ज्ञान आणि प्रतिनिधित्व यांचे वैर मानणाऱ्यांनी या एका माणसापाशी थोडे थांबावे. वस्तीतला आजारी माणूस त्यांच्यापर्यंत आपण होऊन येत होता, आणि निदान झाल्यावर ते सभागृहात मांडण्याचा हक्कही त्यांच्यापाशी होता.

त्यानंतर फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरू लागले. लोकांनी काय केले? आजारी माणसे लपवली, मृत्यू दडवले. 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेत शिकवतात. लपवलेल्या रुग्णांबद्दल मात्र फारसे कोणी शिकवत नाही, आणि आरोग्यखात्याच्या दृष्टीने खरा पराभव तिथेच होता. ज्याच्या भीतीने माणूस गाठ झाकतो, त्या खात्याकडे कितीही विद्वान असोत, साथ कुठवर पोचली हे त्याला कळणारच नाही.

ट्रस्ट स्थापन झाला 1898 मध्ये. त्याच्या विश्वस्तांत लोकांनी थेट निवडलेले कोणी नव्हते. दाट वस्ती पाडावी, रुंद रस्ते काढावेत, हवा खेळली की रोग हटेल, हा त्या काळच्या तज्ज्ञांचा विश्वास होता. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों यांनी उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले, पण ते मानायला तज्ज्ञांनाच बरीच वर्षे लागली. तोवर नागपाड्यातली घरे पडली. उठवलेली माणसे परवडेल तिथे, म्हणजे बहुधा शेजारच्याच गल्लीत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले. ते श्रेय मी नाकारत नाही. पण ज्यांची घरे पाडली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

इथवर लिहून झाल्यावर माझ्याच बाजूची एक अडचण समोर येते. तेव्हाची महापालिका तरी कोणाची होती? मताचा हक्क करभरणीला बांधलेला, त्यामुळे सभागृहात घरमालकांचे वजन. कोंदट खोल्यांचे भाडे खाणाऱ्यांनी हवा-उजेडाचे नियम कडक करावेत ही अपेक्षाच फोल होती. प्रशासकाच्या जागी नगरसेवक आला की प्रश्न सुटला, असे म्हणून मला थांबता येत नाही. नियम ज्याच्या पोटावर किंवा छपरावर येतो, तो नियम करताना हजर होता का, हे पाहावे लागेल.

याचे एक उदाहरण आपल्या कायद्यात आहे. पदपथावरच्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली तेव्हा, 1985 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. तरी पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला मुभाही दिली. हक्क कागदावर आला, निर्णयात वाटा आला नाही. तो 2014 च्या पथविक्रेता कायद्याने देऊ केला: नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई ज्या अधिकाऱ्याच्या गाडीला भिते, त्याच्याच शेजारी बसून जागा ठरवण्याचा तिला कायद्याने हक्क आहे.

ही तरतूद फेरीवाल्यांपुरतीच का? पुनर्विकास ठरवताना भाडेकरूंचे, खाणावळींचे आरोग्यनियम ठरवताना तिथे राबणाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी त्याच प्रमाणात का नसावेत? माझ्या स्नेह्यांनी पुढच्या लेखात याचे उत्तर द्यावे. आणि ट्रस्टचाच दाखला पुन्हा द्यायचा असेल, तर नागपाड्यातून उठवलेली माणसे कुठे गेली तेही सोबत लिहावे.