पर्णकुटीचं बुटकं दार

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या गुरुवारच्या वाचनात सध्या वाल्मीकी रामायणाचं अरण्यकांड चालू आहे. गेल्या गुरुवारी पंधरावा सर्ग झाला. पंचवटीत लक्ष्मणाने पर्णकुटी बांधली, तो हा सर्ग. लहानसाच आहे. पुढे शूर्पणखा यायची असते, सोन्याचं हरीण यायचं असतं, म्हणून आपण हे पान घाईने उलटतो. मीही इतकी वर्षं उलटत आले. या वेळी मात्र तिथेच अडकले. का, ते शेवटी सांगते.

आधी प्रसंग बघूया.

अगस्त्य ऋषींनी पंचवटी सुचवली. तिथे पोचल्यावर श्रीराम लक्ष्मणाला म्हणतात, तू जागा शोध. सीता, तू आणि मी, तिघांचंही मन रमेल अशी. पाणी जवळ असावं, समिधा, फुलं, दर्भ हाताशी असावेत. लक्ष्मणाला काय कठीण होतं? चित्रकूटला त्यानेच पर्णशाला उभी केली होती. त्याआधी यमुना ओलांडताना दोघा भावांनी लाकडं आणि वेळू बांधून तराफा केला, तेव्हा वेताच्या आणि जांभळीच्या फांद्या तोडून सीतामाईला बसायला आसनही त्यानेच केलं होतं. म्हणजे हातात कसब होतं, अनुभव होता. तरी तो हात जोडून म्हणतो, शंभर वर्षं गेली तरी मी तुमच्याच आज्ञेत आहे. जागा तुम्ही निवडा आणि मला फक्त 'बांध' म्हणा.

मग श्रीराम त्याचा हात धरून जागा दाखवतात. जमीन सपाट आहे, फुललेली झाडं आहेत आणि गोदावरी फार लांब नाही, फार जवळही नाही. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. रानात निवारा करणारा कुणीही जाणता माणूस आजही हेच सांगेल. पाणी रोज लागतं म्हणून ते जवळ हवं. पण नदी रात्रीत चढते, म्हणून काठालाच बिऱ्हाड थाटायचं नाही. कोरड्या ओढ्यात नाही, वाळलेल्या फांदीखाली नाही.

पुढचं बांधकाम महर्षींनी अगदी गवंड्याच्या नजरेने सांगितलंय. मातीच्या भिंती, भक्कम खांब, त्यावर लांब वेळू. वेळूंवर शमीच्या फांद्या पसरल्या, दोरांनी घट्ट आवळल्या. वर कुश, काश आणि बोरूची पानं शाकारली. आतली जमीन सपाट केली. कुठेही लोखंड नाही, खिळा नाही. सगळा भार बांधणीवर. काम संपल्यावर लक्ष्मण गोदावरीत स्नान करून आला, येताना कमळं आणि फळं आणली, फुलं वाहून शांती केली आणि मग श्रीरामांना कुटी दाखवली.

आता माझी गोष्ट.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात पावसाने काय केलं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी सासरचं जुनं कौलारू घर आहे. मातीची मागची भिंत भिजून भिजून एका रात्री बसली. माणसं वाचली, गुरुकृपाच. गावी सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊबाई. आम्ही इथे शहरात. रस्ते बंद होते, त्यामुळे चार दिवस जाताच आलं नाही.

त्या चार दिवसांत भाऊजींनी घरामागच्या उंचवट्यावर खोप उभी केली. भर पावसात! मातीची भिंत घालायची सोय नव्हती, ओली माती वाळणार कधी? म्हणून त्यांनी कारवीच्या काठ्या एकीला एक लावून कूड केला. खांब ऐनाचे, वरचा सांगाडा चिव्याचा. दोरी संपली तेव्हा केवणीची साल सोलून तिने गाठी मारल्या. सालीची गाठ सुकली की आणखी आवळते म्हणे. छपराला पिंजर हवं होतं, ते फक्त गुरांच्या गंजीत कोरडं उरलेलं. वर्षाची वैरण ती. त्यातलं अर्धं त्यांनी काढलं आणि खालच्या कडेपासून वर आढ्यापर्यंत थरावर थर चढवलं. वरच्या थराने खालच्याला झाकायचं, कौलांसारखं, म्हणजे पाणी थरावरून थरावर घसरत खाली जातं. उतार चांगला तीव्र ठेवला. पाणी थांबलं की पिंजर कुजलंच समजा. वरच्या अंगाला चर खणला, उंचवट्यावरून येणारं पाणी बाजूने निघून जावं म्हणून. आत जमिनीवर सुकं गवत जाड पसरून वर घोंगडी घातली, कारण पावसाळ्यात गारवा वरून येतो त्याहून जास्त जमिनीतून येतो. सासूबाई तिथे कोरड्या झोपत होत्या.

हे सगळं मला नंतर कळलं. पाचव्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा मी खोपीपाशी उभी राहिले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "अहो भाऊजी, दार एवढं बुटकं का केलंत? सासूबाईंना वाकता येतं का?"

भाऊजी काही बोलले नाहीत. हाताला सालीने कापल्याच्या रेघा होत्या, ते हात त्यांनी मागे घेतले आणि गुरांकडे गेले. जाऊबाईंनी चहा ठेवला. विषय संपला.

दार बुटकं का, ते मला पुढे शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी सांगितलं. छप्पर खालपर्यंत उतरवलं म्हणून पावसाची झड आत येत नव्हती. दार उंच केलं असतं तर सासूबाईंचं अंथरूण पहिल्याच रात्री भिजलं असतं. ते बुटकं दार त्यांच्यासाठीच होतं.

हे कळूनही मी भाऊजींना काही बोलले नाही. घर पुन्हा उभं राहिलं, खोप मोडली, पिंजर शेणखतात गेलं. सणावाराला आम्ही जात होतो, बोलत होतो. पण ते वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं.

आणि गेल्या गुरुवारी सर्गाचा शेवट वाचताना ते समोर आलं. श्रीराम पर्णकुटी बघतात. नीट बघतात. दोन्ही हातांनी लक्ष्मणाला कवटाळतात आणि म्हणतात, तू फार मोठं काम केलंस, मी प्रसन्न आहे. तुला द्यायला माझ्याकडे हे आलिंगनच आहे. माझं मन ओळखणारा, केलेलं जाणणारा तू असताना आपले वडील गेले असं मला वाटत नाही.

बघा हं. राज्य गेलेलं, वडील गेलेले, देण्यासारखं हातात काही नाही. तरी श्रीराम सेवेकडे बघायला आणि दोन शब्द बोलायला विसरले नाहीत.

आपण सत्संगी माणसं 'निष्काम सेवा' हा शब्द फार वापरतो. सेवा करणाऱ्याने फळाची आशा धरू नये, हे अगदी खरं. लक्ष्मणाने धरली नव्हतीच. पण म्हणून सेवा घेणाऱ्याने गप्प बसावं, असं कुठल्या ग्रंथात सांगितलंय? निष्काम होणं हा करणाऱ्याचा धर्म. कृतज्ञ होणं हा घेणाऱ्याचा धर्म. आपण दुसऱ्याचा धर्म त्याला शिकवतो आणि आपला विसरतो. भगिनींनो, स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर घरात लगेच कळतं, बरोबर पडलेलं कुणी बोलत नाही. आपल्याला ते लागतं ना मनाला? मग मी तरी त्या दिवशी दुसरं काय केलं?

लक्ष्मणाने खांब, वेळू, शमी, कुश यांची कुटी बांधली. पण तिचं घर झालं ते त्या आलिंगनाने, असं मला आता वाटतं. सुरुवातीला करणाऱ्याने विचारलं, "जागा तुम्ही सांगा." शेवटी राहणाऱ्याने बघितलं आणि बोलून दाखवलं. या दोन्हींच्या मध्ये जे उभं राहतं तोच निवारा.

शुक्रवारी सकाळी मी भाऊजींना फोन केला. इतक्या वर्षांनी काय बोलायचं, सुचेना. शेवटी म्हटलं, "भाऊजी, त्या वर्षीची तुमची खोप मी नीट बघितलीच नव्हती. दाराचं उगाच बोलले. सासूबाई कोरड्या राहिल्या त्या तुमच्यामुळे. चुकलं माझं."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "राहू दे की वहिनी. दार खरंच बुटकं झालं होतं."

फोन ठेवल्यावर मी देवासमोर बराच वेळ बसून होते.

या आठवड्याचा आपला संकल्प छोटाच आहे. आपल्यासाठी कुणीतरी, कधीतरी, एखादी पर्णकुटी बांधली असेल. आजारपणात डबा आणला असेल, रात्रभर दवाखान्यात बसलं असेल, आपण शहरात असताना गावी आईवडिलांजवळ राहिलं असेल. गुरुवारच्या आत त्या माणसाशी बोला. ग्रुपवर टाकू नका, त्यांनाच सांगा. आणि सांगताना दाराची उंची काढू नका.

श्रीराम जय राम जय जय राम. 🙏

सद्गुरूचरणी,
आपली एक सेविका, बेळगाव