वकिलांचा चमत्कार

जादुई वास्तववादाचं नाव निघालं की बहुतेकांना चादरींसकट आभाळात निघून गेलेली रेमेडिओस आठवते. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या १९६७ च्या कादंबरीत असे चमत्कार जागोजागी आहेत. मला मात्र त्यातला सगळ्यात अचाट चमत्कार वकिलांनी केलेला वाटतो.

माकोंदो गावात केळीची कंपनी येते. मजुरांना पैसे नाहीत, चिठ्ठ्या मिळतात. त्या चालतात कंपनीच्याच दुकानात. मजूर दाद मागायला जातात. कंपनीचे साहेब मिस्टर ब्राउन केस काळे करून, अस्खलित स्पॅनिश बोलत न्यायाधीशांसमोर उभे राहतात आणि वकील शाबीत करतात की हे ब्राउन नव्हेतच, हे तर इथलेच, झाडपाल्याची औषधं विकणारे गृहस्थ! पुढे ब्राउनसाहेब शिकागोत वारल्याचा दाखलाही हजर होतो. शेवटी कोर्टाचा निकाल येतो : कंपनीकडे मजूरच नाहीत.

यात लेखकाच्या पदरचं वाटतं त्याहून थोडं आहे. नोव्हेंबर १९२८ मध्ये कोलंबियात, बोस्टनच्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीच्या मळ्यांवर संप झाला. आठवड्याची सुट्टी, अपघाताची भरपाई, चिठ्ठ्यांऐवजी रोख मजुरी, एवढ्यासाठी. कंपनी म्हणाली, ही माणसं आमची नव्हेत, कंत्राटदारांची. ६ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, सिएनागा स्टेशनच्या चौकात लष्कराने जमावाला पांगायला जेमतेम काही मिनिटं दिली आणि गोळीबार केला. तिथल्या लष्कराचा प्रमुख जनरल कोर्तेस वार्गासने मृतांचा आकडा सांगितला ४७. अमेरिकेच्या राजदूताने मात्र वॉशिंग्टनला कळवलं की खुद्द कंपनीचा प्रतिनिधी हजाराहून अधिक म्हणतो आहे.

कोलंबियातून स्पेनची सत्ता जाऊन तेव्हा शतक उलटलं होतं. झेंडा आपला, शिपाई आपले, आणि रखवाली बोस्टनच्या कंपनीच्या मालाची. गोरा गव्हर्नर नसलेली ही गुलामगिरी सरळ इतिहासात मावत नाही, कारण तिचे कागद तिनेच लिहिलेले असतात.

मार्केस सिएनागाजवळच्याच आराकाताकाचा, जन्म १९२७ चा. ही हकिकत तो घरीदारी ऐकत वाढला. कादंबरीत त्याने प्रेतांनी भरलेली आगगाडी समुद्राकडे धाडली आणि आकडा तीन हजारांवर नेला. त्यातून वाचून गावी परतलेल्या, मजुरांचा पुढारी असलेल्या होसे आर्कादिओ सेगुंदोला लोक सांगतात, इथे कुणी मेलंच नाही. आकडा कथेच्या गरजेपोटी फुगवल्याचं मार्केसने पुढे मोकळेपणाने कबूल केलं. तरी, त्याच्याच आठवणींनुसार, एका स्मृतिदिनी कोलंबियाच्या सिनेटमध्ये एका वक्त्याने त्या ‘तीन हजार’ हुतात्म्यांसाठी मिनिटभर मौन पाळायला सांगितलं!

पुस्तक घरात असेल, तर निदान ते कोर्टाचं प्रकरण काढून वाचा. आणि वाचताना कुठे हसू आलं, तर तिथे थांबून पुन्हा वाचा.