उसनं हसू

अमेरिकेतल्या टीव्हीवर १९५० साली ‘हँक मक्यून शो’ आला, तेव्हा त्याला समोर प्रेक्षकच नव्हते. तरी घरोघरी हशा ऐकू आला, कारण तो वरून जोडलेला होता. पुढे चार्ल्स डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने त्यासाठी यंत्रच बनवलं. एक बटण दाबलं की खुदकन, दुसरं दाबलं की सातमजली. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं. आज तेच काम एका फुकटच्या फाइलवर भागतं. ‘फेस्टिव्ह लाफ्टर’ शोधा, टाळ्यांसकट मिळेल.

मग यात वाईट काय? इफेक्ट तर पावसाचाही लावतो.

माझ्या मते फरक आहे. पाऊस कुणाच्या बाजूने नसतो. हसणारा माणूस मात्र बोलणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

साताऱ्याचा एक मित्र गावच्या यात्रांवर पॉडकास्ट करतो, एडिटिंग मी बघतो. दिवाळीच्या भागात त्याने एक जुना किस्सा सांगितला: सावळी नवरी, वरातीतली बत्ती गेली आणि नवरी कुणाला सापडेना. रेकॉर्डिंगला त्याची बहीण खोलीत होती. ती हसली नाही. दोन सेकंद शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. तिथेच त्याला हशा हवा होता. तो टाकला असता तर पन्नास अनोळखी माणसं नवरीला हसली असती आणि खोलीतल्या एकुलत्या श्रोत्याचं मत पुसलं गेलं असतं. मी नाही म्हणालो. थोडी वादावादी झाली.

त्याचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. “दिवाळीत रजा न मिळालेला पोरगा हिंजवडीच्या फ्लॅटवर एकटा ऐकणार. एकटं कोण हसतं रे?” खरंय. पुलंचं कथाकथन मी हेडफोन लावूनच ऐकलंय आणि त्या प्रेक्षकांच्या जोडीने हसलोय. त्यातले किती जण आज असतील कोण जाणे. पण त्या वाक्याला ती माणसं खरंच हसली होती, त्यांची सोबत घ्यायला मला काही वाटत नाही. फाइलमधली माणसं कशाला हसली होती, हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘मॅश’ या मालिकेच्या वेळी वाहिनीला हशा हवा होता, निर्मात्यांना नको. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत तरी तो नसेल, असं ठरलं. जखमी सैनिक टेबलावर असताना हशा नको, एवढं वाहिनीनेही मानलं. आपल्याकडच्या रील्समध्ये बायकोला, जाड्या मुलाला, तोतऱ्याला अशी सूट नाही. विनोद जितका दुखरा, तितकी वरची फाइल मोठी.

सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ तमाशातले नावाजलेले सोंगाडे. तमाशाच्या कनातीत हशा कुणी आणून देत नाही. कोटी पडली तर पब्लिक तोंडावर सांगतं. शिट्टी येते, शेरा येतो, नाहीतर मागची रांग सरळ उठून चहाला जाते. सोंगाड्याला ते दिसतं, आणि पुढचं वाक्य त्याला तिथल्या तिथे बदलावं लागतं.