नऊ वर्षांचा राजा



अन्यायाने हाती आलेल्या गादीवर बसून न्यायाचे काम केले, तर त्या कामाची किंमत किती धरावी? हा प्रश्न दूरचा नाही, आपल्या साताऱ्याचाच आहे.

१८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप ठेवला. कबुलीवर सही करा, गादी राहील, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी सही केली नाही. गादी गेली, काशीला जावे लागले आणि १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. "आधी कबूल कर, मग भाकर मिळेल" हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ऐकले, त्या आपल्याला हा नकार चटकन कळतो.

पण रिकाम्या गादीवर बसले ते त्यांचेच धाकटे बंधू, शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. त्यांना आपण परक्यांचा बाहुला म्हणून मोकळे होतो. मात्र याच माणसाने गादीवर येताच आपल्या राज्यात सतीची चाल बंद केली. वाळवा-खानापूरचा मुलूखही तेव्हा त्याच राज्यात होता. रस्ते, पूल, दवाखाना, शाळा यांवर त्याने पैसा खर्च केला. १८४८ साली तो वारला, डलहौसीने दत्तक नाकारला आणि राज्य खालसा झाले.

इंग्लंडात नॉर्थम्ब्रियाच्या ऑस्रिक व ईनफ्रिथ या राजांनी नवा ख्रिस्ती धर्म सोडून जुनी दैवते धरली. ६३३-३४ मध्ये, वर्षभरातच, दोघेही मारले गेले. बीड नावाचा ख्रिस्ती संन्यासी लिहितो की, त्यांची नावे गाळून ते वर्ष पुढच्या ऑस्वाल्ड राजाच्या खाती घातले गेले. नको असलेल्याला वहीतून खोडणे किती सोपे! आपल्या वाडवडिलांना कोणत्या वहीत जागा होती, हे आपण जाणतो. म्हणून तरी आपण कोणाला खोडू नये.

चितेवरून वाचलेल्या बाईला, हुकूम काढणाऱ्याला गादीवर कोणी बसविले याच्याशी काय कर्तव्य? काशीत बसलेल्या भावाला मात्र होते. माझ्या मते एकाच्या हिशेबाने दुसऱ्याचा हिशेब फिटत नाही. सती बंद झाली म्हणून भावाची गादी घेणे शुद्ध ठरत नाही, आणि गादी अशुद्ध म्हणून तो हुकूम खोटा ठरत नाही.

वर्गात मी दोघांची हकिगत सांगून मोठा कोण असे विचारतो. प्रतापसिंहांच्या नावाला हात भराभर वर येतात. मुलींचे हात मात्र वाटले जातात.