पाहुण्याचे डोळे
रोमच्या पियाझा नवोना चौकात आम्ही संबंध दुपार निवांत बसून होतो. बर्निनीच्या, १६५१ साली पूर्ण झालेल्या कारंज्यात चार खंडांच्या चार नद्या मानवरूपात कोरल्या आहेत. त्यांत आपली गंगाही आहे. तिला पाहून ऊर भरून आला.

रामदासपेठेत परतल्यावर मनाने विचारले : जवळच्याच नाग नदीपाशी कधी थांबलात का? जिने नागपूरला नाव दिले, तिच्या पुलावरून आम्ही नाकाला रुमाल लावून जातो.

परनगरीचे सौंदर्य उपभोगणे हे पाप नव्हे. मात्र तिथली काळजी इतरांनी वाहिली होती. इथली आमची आहे. जिथे जबाबदारी नाही तिथेच मन रमत असेल, तर तो आनंद नव्हे, पळवाट आहे. पाहुण्याचे ते डोळे घरी आणले, तरच प्रवास सार्थकी लागला म्हणायचे.